नित्य आणि नैमित्तिक : बाहेरच्या खाण्याचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



अशा प्रसंगी वक्त्याने शिक्षण, विवाह, शिष्यवृत्त्या असे विषय घ्यावेत, असा प्रघात आहे. मी मात्र आज अगदी घरगुती विषय आपल्यापुढे ठेवणार आहे. तो म्हणजे बाहेरचे खाणे. ते चांगले की वाईट, हा वाद मला घालावयाचा नाही. त्या विषयावर आपल्या प्रत्येक घरात आठवड्यातून एकदा तरी परिसंवाद होतच असतो. माझा प्रश्न त्याहून साधा आहे. आपण बाहेरचे किती वेळा खातो? आणि हे ‘किती वेळा’ काळाच्या ओघात कसे बदलत गेले?

आपल्या शास्त्रकारांनी कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे तीन भेद केले आहेत. रोज करावयाचे ते नित्य, काही निमित्ताने करावयाचे ते नैमित्तिक, आणि इच्छेपोटी केले जाते ते काम्य. विषय येथे धर्माचा नाही. परंतु ही विभागणी आपल्या कामाची आहे. कारण मला जे सांगावयाचे आहे ते एका वाक्यात असे : बाहेरचे खाणे ही गोष्ट एके काळी निषिद्ध होती, मग ती नैमित्तिक झाली, आणि आता आपल्या नकळत ती नित्य होऊ लागली आहे. दोष पदार्थात जितका आहे, त्याहून अधिक ह्या नकळतपणात आहे.

प्रथम निषिद्धाचा काळ पाहू. आपल्या पणजोबांच्या पिढीत प्रवासाला निघालेला मनुष्य दशम्या, धपाटे, लाडू अशी शिदोरी बांधून घेई. दशमीचे पीठ दुधात भिजवीत, म्हणजे ती प्रवासात खाण्यास चालत असे. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, ह्याचेही नियम होते. सन १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेले चहाप्रकरण आपणांस ठाऊक आहे. व्याख्यानासाठी बोलावलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आला. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. एका पेल्याचा हा इतिहास! ‘किती वेळा’ हा प्रश्न त्या काळी उद्भवतच नव्हता. कारण एकदाही चालत नसे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे, आणि ती ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून तर अवश्य बोलली पाहिजे. तो कडक निर्बंध आरोग्यासाठी नव्हता. तो उच्चनीच भेदाचा होता. कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे आणि कोणी बसू नये, ह्याचा तो पहारा होता, आणि तो पहारा जातीच्या पंचायती करीत. म्हणून ‘पूर्वी लोक बाहेरचे खात नसत, किती चांगले होते!’ असे कोणी म्हणू लागला, तर त्याला त्या चांगुलपणाची दुसरी बाजूही दाखवावी. उपाहारगृहाच्या टेबलाने हा पहारा मोडण्यास मोठा हातभार लावला. मुंबईत इराण्यांची दुकाने निघाली. कयानी आणि कंपनी १९०४ सालची. तेथे चहा आणि ब्रून-मस्का समोर ठेवून अनोळखी माणसे एका टेबलाशी बसू लागली. पुढे भारताच्या राज्यघटनेने पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक उपाहारगृहांत प्रवेशास जातीवरून आडकाठी करता येणार नाही असे घालून दिले, आणि १९५५ साली अस्पृश्यता गुन्हे कायद्याने अशी आडकाठी दंडनीय ठरविली. बाहेरच्या खाण्याचे हे ऋण आपण विसरता कामा नये.

आता नित्याकडे वळू. बाहेर रोज जेवणारी माणसे आजच निर्माण झाली, असा समज असेल तर तो दूर केला पाहिजे. पुण्यात शिकणारा गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे : सात वार, सात घरे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार महिनेवारी पैसे भरून खानावळीत दोन्ही वेळा जेवत असे. संख्येने मोजू गेल्यास ह्या माणसांनी आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळा घराबाहेर अन्न घेतले. परंतु ते अन्न कोणते होते? भाकरी, कालवण, भात, आमटी. शिजविणारी बाई दोन खोल्यांत राहून दहा-वीस माणसांचे करीत असे, आणि जेवणारा कोण, त्याची पाळी कोणती, त्याला तिखट सोसते की नाही, हे तिला ठाऊक असे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि ह्या खानावळवाल्या भगिनींना बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि जेवणारे गिऱ्हाईकच गावी परतले, तेव्हा ह्या चुलींवरही संक्रांत आली. तात्पर्य, ती माणसे घराबाहेर जेवली, परंतु घरचेच जेवली.

ह्याच्या उलट टोकाला आपले डबेवाले. सन १८९० च्या सुमारास, म्हणजे पुण्यात चहाचा वाद पेटला त्याच काळात, महादू हवाजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोहोचविण्याच्या कामाची घडी बसविली. मनुष्य कचेरीत गेला तरी त्याचे जेवण घरून त्याच्यामागे जाई. कामाचे ठिकाण घरापासून दूर गेले, ह्या एकाच अडचणीला मुंबईने अशी दोन उत्तरे काढली होती, खानावळ आणि डबा. दोन्ही उत्तरांत अन्न रोजच्या जेवणाचेच राहिले.

नैमित्तिकाचा काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना चांगला आठवत असेल. दादरला १९१० पासून मामा काण्यांचे उपाहारगृह, माटुंग्याला १९४२ पासून रामा नायकांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग. परीक्षेचा निकाल लागला, मुलगी पाहण्यास पाहुणे आले, लग्नाचा बस्ता बांधून झाला, म्हणजे मंडळी बटाटेवडा, मिसळ किंवा मसाला डोसा खाऊन येत. त्या डोशाची चव वर्षभर जिभेवर राही, आणि ती राही ह्याचे कारण तो वर्षभर पुन्हा मिळत नसे. दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ साली गाडीवर वडापाव विकण्यास आरंभ केला, असे सांगतात. वडापाव हे धावपळीतील माणसाचे अन्न. तो उभ्याने खाता येतो, स्वस्त आहे, पोट भरतो. आपल्याकडील ‘फास्ट फूड’ परदेशातून आले असे आपण म्हणतो खरे. परंतु त्याचा अस्सल मराठी अवतार आधीच जन्मास आला होता.

परदेशी दुकाने आली ती ह्यानंतर तीस वर्षांनी. मॅकडोनाल्डचे भारतातील पहिले दुकान १९९६ च्या ऑक्टोबरात दिल्लीस उघडले, आणि त्याच वर्षी मुंबईतही ती पाटी झळकली. आपल्या जिभेचा आणि श्रद्धेचा विचार करून त्यांनी गोमांस व डुकराचे मांस वर्ज्य केले आणि बटाट्याच्या टिक्कीला पावात बसविले. म्हणजे एका अर्थी वडापावच परदेशी वेष्टणात आपल्याला विकला. मात्र त्यांनी एक नवी गोष्ट आणली. प्रत्येक ठिकाणी तोच आकार, तीच चव, तोच वेळ. शिजविणारा हात कोणाचा, हा प्रश्नच उरला नाही. पुढे दूरध्वनी खिशात आला. २०१४-१५ नंतर घरपोच खाद्यपदार्थ देणाऱ्या कंपन्या शहरोशहरी पसरल्या, तेव्हा उठून जाण्याचे कष्टही संपले. पूर्वी बाहेर जेवावयाचे म्हणजे कपडे बदलावे लागत, सर्वांची वेळ जुळावी लागे, पाकिटाकडे पाहावे लागे. ह्या तीन अडचणी म्हणजे तीन दरवाजे होते. आता अंगठ्याच्या एका स्पर्शाने तिन्ही दरवाजे उघडतात. शिवाय वर्षाची वर्गणी एकदा भरली की पोहोचविण्याचा आकार माफ. मग भरलेली वर्गणी वसूल करण्यासाठी आपणच अधिक वेळा मागवितो. व्यापारी ‘किती वेळा’ हा आकडा अचूक ठेवतो. गिऱ्हाईक मात्र तो ठेवीत नाही.

आकडे काय सांगतात ते थोडक्यात पाहू. भारत सरकारच्या कुटुंब उपभोग-खर्च पाहणीनुसार शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चात पेये, फराळाचे जिन्नस, तयार व प्रक्रिया केलेले पदार्थ ह्यांचा वाटा १९९९-२००० साली ६.३५ टक्के होता. २०२२-२३ साली तो १०.६४ टक्के झाला. ग्रामीण भागात तो ४.१९ वरून ९.६२ टक्क्यांवर गेला, म्हणजे दुपटीहून अधिक. ह्याच काळात धान्यावरील खर्चाचा शहरी वाटा १२.३५ वरून ३.६४ टक्क्यांवर उतरला. ह्या सदरात हॉटेलातील जेवण आहे, तसा चहा आहे, पुडक्यातील चिवडाही आहे. म्हणून हा आकडा निव्वळ बाहेरच्या जेवणाचा समजू नये. परंतु दिशा स्पष्ट आहे, आणि खेडे शहराच्या मागोमाग त्याच वाटेने निघाले आहे, हेही स्पष्ट आहे.

ज्या देशात ही चाल रूढ झाली त्या अमेरिकेत तिचे मोजमाप फार काळजीपूर्वक केले जाते. तेथील सरकारी पाहणीत ‘गेल्या चोवीस तासांत आपण काय खाल्ले?’ असे विचारतात. २०१३ ते २०१६ ह्या काळात कोणत्याही एका दिवशी शंभरातील सुमारे सदतीस प्रौढांनी फास्ट फूड खाल्लेले आढळले. ते गरिबांचे खाणे, असा आपला समज असतो. तेथे मात्र उत्पन्न वाढत गेले तसे हे प्रमाणही वाढत गेलेले दिसले. वीस ते एकोणचाळीस वयाच्या लोकांत ते सर्वांत जास्त, साठीच्या पुढे सर्वांत कमी. दुसरी गोष्ट आशेची आहे. प्रौढांच्या एकूण उष्मांकांतील फास्ट फूडचा वाटा २००३-०६ मध्ये १२.८ टक्के होता, तो २०२१-२३ मध्ये ११.७ टक्के होता. म्हणजे हा आकडा केवळ वर चढण्यासाठीच जन्मास आलेला नाही. तो थोपवून धरता येतो.

आता ह्या ‘किती वेळा’चे शरीरावर काय होते? अमेरिकेतील चार शहरांत १८ ते ३० वयाच्या ३,०३१ तरुण-तरुणींची १९८५-८६ पासून पंधरा वर्षे पाहणी केली गेली. तिचा निष्कर्ष २००५ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदांहून अधिक फास्ट फूड खाणाऱ्यांचे वजन, एकदाहूनही कमी खाणाऱ्यांपेक्षा, पंधरा वर्षांत साडेचार किलोंनी अधिक वाढले. आणि इन्सुलिनला दाद न देण्याची शरीराची प्रवृत्ती, जी मधुमेहाची पूर्वपीठिका होय, ती दुपटीने अधिक वाढली. ह्यातील आकडा लक्षात घ्यावा. रोज नव्हे; आठवड्यातून दोनदांहून अधिक. आपल्यापैकी किती घरांत हा आकडा ओलांडला जातो, ह्याचे उत्तर ज्याचे त्याने मनात द्यावे.

भारतापुरते बोलावयाचे तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या दहा कोटींहून अधिक आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साडेतेरा कोटींहून अधिक सांगितली. ह्या सर्वांचा दोष हॉटेलांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. बसून करावयाची कामे आली, चालणे गेले, घरच्या ताटातही साखर आणि तेल वाढले. परंतु घरच्या ताटातील मीठ-तेल आपल्या हाती असते. बाहेरच्या ताटातील नसते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाने दिवसास पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे असे सांगते. घरी भाजीत मीठ जास्त झाले तर लगेच बोलले जाते; पावात, पनीरच्या रस्स्यात, चटकदार कागदी पुडीत ते किती आहे, हे जिभेला कळतही नाही. तळणीचे तेल पुनःपुन्हा वापरू नये म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून त्याच्या खराबीची मर्यादा ठरवून दिली. असा नियम करावा लागला, ह्यातच काय ते आले.

थोडे गणित करू. दोन वेळचे जेवण धरल्यास वर्षात ७३० जेवणे होतात. महिन्यातून एकदा बाहेर गेलो तर त्यांतील बारा बाहेरची. ती कोणाच्याही प्रकृतीस बाधणार नाहीत. उलट घरातील माणसे एकत्र हसतात, हा लाभच. आठवड्यातून एकदा म्हटले की ५२ झाली, म्हणजे चौदांतील एक. आठवड्यातून तीनदा म्हटले की १५६. म्हणजे जवळजवळ दर पाच जेवणांतील एक जेवण आपण न पाहिलेल्या हाताने, न पाहिलेल्या तेलात शिजविलेले. महिन्यातून एकदा आणि आठवड्यातून तीनदा ह्यांतील अंतर बोलण्यात लहान वाटते. वर्षाच्या वहीत ते तेरा पटींचे आहे.

येथे काही मंडळी लगेच एक उपाय सुचवितात. ‘घरातील बायकांनी पूर्वीसारखे स्वयंपाकात लक्ष घातले म्हणजे झाले.’ हे मला मुळीच मान्य नाही. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार २०१९ साली घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसास सरासरी २९९ मिनिटे देत होती, आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. २०२४ साली हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीचे काम दहा मिनिटांनी हलके झाले, आणि पुरुषाने आपलेही नऊ मिनिटांनी हलके करून घेतले! विरार-कल्याणहून गर्दीच्या गाडीने नोकरीस जाऊन रात्री आठ वाजता परतलेल्या सुनेने पोळ्या लाटाव्यात, आणि त्याच गाडीने परतलेल्या मुलाने बातम्या पाहाव्यात, अशी व्यवस्था असेल, तर ती सून बाहेरून मागविणारच. मी तिच्या बाजूचा आहे. तिच्या हाती दुसरे साधन आपण ठेवलेलेच नाही. बाहेरचे खाणे कमी करावयाचे असेल, तर घरातील पुरुषांनी आणि मुलांनी कुकर लावणे, भाजी चिरणे, कणीक मळणे ही कामे ‘मदत’ म्हणून नव्हे, तर आपली म्हणून केली पाहिजेत. २०२० च्या मार्चपासून टाळेबंदीत हॉटेले बंद झाली, तेव्हा अनेक घरांतील पुरुषांना पोळी लाटता येते असा शोध लागला होता. ती विद्या टाळेबंदीबरोबर संपुष्टात येण्याचे कारण नव्हते.

आता प्रत्यक्ष सूचना. मी तीनच करतो. कारण अधिक केल्या तर आपण एकही पाळणार नाही.

पहिली सूचना मोजण्याची. आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर दिनदर्शिका आहे, आणि तिच्यावर दुधाचा हिशेब लिहिण्याची आपली जुनी सवय आहे. त्याच चौकोनात बाहेरच्या खाण्याचे एक अक्षर लिहावे. गरजेने खाल्ले तर ‘ग’ : कोणी आजारी होते, गाडी चुकली, कामावर उशीर झाला. समारंभाने खाल्ले तर ‘स’ : वाढदिवस, पाहुणे, परीक्षेचा निकाल. आणि केवळ कंटाळ्याने मागविले तर ‘क’. खोटे लिहू नये. दिनदर्शिका आपलीच आहे. महिनाअखेर ‘ग’ आणि ‘स’ किती, ‘क’ किती, हे सर्वांनी मिळून पाहावे. कोणाला बोल लावू नये. मुलांनाच मोजू द्यावे. मुले हिशेबात मोठ्यांहून कडक असतात. ‘स’ कमी करण्याची आवश्यकता नाही. ‘ग’ कमी करण्यास घरातील कामाची वाटणी बदलावी लागेल. ‘क’ मात्र नुसत्या मोजण्यानेही कमी होईल, अशी माझी खात्री आहे. कारण लिहावे लागते म्हटले की सवयीला लाज वाटू लागते.

दुसरी सूचना संस्थेला आहे. आपल्या सभासदांत एकटे राहणारे वृद्ध आहेत, शिक्षणासाठी परगावी राहणारी मुले-मुली आहेत. हेच ‘ग’ वर्गातील खरे लोक. ज्ञातिबांधवांच्या वसतिगृहांनी एके काळी गरीब विद्यार्थ्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय केली, म्हणून कितीतरी घरे शिकली. आज जागा नाहीत, पण इच्छा असेल तर प्रत्येक विभागात घरगुती डबे करणाऱ्या भगिनींची यादी संस्थेने करून छापणे अवघड नाही. डबा करणारीला उत्पन्न, खाणाऱ्याला घरचे अन्न. आणि ह्या यादीत कोणाच्या हातचे आणि कोणाच्या नव्हे, हा जुना प्रश्न येऊ नये. पंचहौदचा पेला आपण पुन्हा भरावयाचा नाही.

तिसरी सूचना आपल्याच समारंभांविषयी. मुंजी, लग्ने, हळदीकुंकू आणि हे संमेलनसुद्धा, ह्यांत आपण मुलांना काय वाढतो ते पाहावे. थंड बाटलीबंद पेय आणि तळलेले पदार्थ हेच आनंदाचे चिन्ह, असे आपण वाढलो तर मुले तसेच शिकतील. पन्हे, कोकम सरबत, थालीपीठ, अळूची भाजी ह्यांत आनंद कमी असतो असे नव्हे; फक्त तो आपण वाढला पाहिजे.

मंडळी, एके काळी आपल्या पूर्वजांना बाहेरचा एक पेला घेतल्याचे प्रायश्चित्त घ्यावे लागले. तो काळ परत यावा, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. स्वातंत्र्य मिळाले ते चांगलेच झाले. परंतु दुसऱ्याने घातलेले बंधन गेले म्हणजे स्वतःचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी येते. पंचायतीचा पहारा गेला. आता भिंतीवरच्या चौकोनातील एक अक्षर, एवढाच पहारा पुरेसा आहे, आणि तो आपला आपणच ठेवावयाचा आहे. नैमित्तिक असेल ते आनंदाने नैमित्तिक राहू द्या. नित्य जे असावयाचे ते घरातील सर्वांच्या हातांनी शिजू द्या.